आवाज कुठे अडतोय, ते आधी बघा

पत्र (नाव-गाव राखून, थोडक्यात):

माझं वय ५३. फोंडा तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. बाबा कुवेतला नोकरीला होते. १९८४ साली सुट्टीवर येताना त्यांनी एक जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि दोन मोठे स्पीकर आणले. सेट लागला त्याच दिवशी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनी शेजारच्यांना देऊन टाकला, हेही मला आठवतं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. नाट्यसंगीत, अभंग, जुन्या गायकांच्या बैठका अशा शंभरेक तबकड्या घरात आहेत आणि रोज तिन्हीसांजेला मी काहीतरी लावतोच.

गेल्या दोन पावसाळ्यांपासून मात्र सेट कुरकुरतोय. आवाज लहान ठेवला की डावा स्पीकर गप्प होतो आणि मोठा केला की 'खर्रर्' करून परत येतो. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते. मागे सतत एक बारीक घुंई असते. तबला पूर्वीसारखा भरीव लागत नाही, डग्गा तर हरवलाच आहे. जवळच्या एका मेकॅनिकने वरवर बघून 'बोर्ड गेला, पार्ट मिळत नाहीत' असं सांगितलं. मुलगा पुण्याला नोकरी करतो. तो म्हणतो, 'पप्पा, तुमचा ४० वॅटचा आहे. ८० वॅटचा, ब्लूटूथवाला ४५ हजारांत येतो, मी घेऊन देतो.' बायको म्हणते, चवथीला सगळं घर भरतं, त्याच्या आत काय तो निकाल लावा. बाबांची वस्तू काढली तर अपराधी वाटेल, ठेवली तर मुलाचं मन मोडेल. काय करू?

उत्तर:

नमस्कार.

'आवाज लहान ठेवला की डावा स्पीकर गप्प होतो आणि मोठा केला की परत येतो.' तुमच्या पत्रातल्या या ओळीपाशी मी थांबलो. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे, पण माझ्यासारख्या आयुष्यभर असले सेट उघडत आलेल्या माणसाला त्यात अर्धं निदान दिसतं.

तुमच्या काळातल्या बहुतेक जपानी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाटेवर एक रिले असतो, काडेपेटीपेक्षा लहान, बहुधा पारदर्शक प्लास्टिकचा. सेट चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो ना, तो त्याचा. आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि मग स्पीकरला वाट मिळते. चाळीस वर्षांत त्या पट्ट्यांची टोकं काळवंडतात. आवाज लहान असताना वाहणारा करंट इतका थोडा असतो की त्या काळ्या थरातून तो पलीकडे जातच नाही. आवाज वाढवला की करंट वाढतो, थर भेदतो आणि डावा स्पीकर जागा होतो. हे लक्षण इतकं ठराविक आहे की 'बोर्ड गेला' म्हणणाऱ्याने झाकणही उघडलं नसावं असं मला वाटतं. रिले काहीशे रुपयांत मिळतो. कॉइलचा व्होल्टेज आणि पायांची रचना जुळली की झालं. जुन्या रिलेच्या टोकांवर पॉलिश पेपर मारून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्यांच्यावरचा पातळ मुलामा खरवडला जातो आणि महिन्याभरात दुखणं परत येतं.

हे ठासून सांगण्यामागे एक कारण आहे. मी या कामात नवा होतो तेव्हा माझ्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरला हेच झालं होतं. मला ते ओळखता आलं नाही आणि मी तो सहाशे रुपयांना देऊन टाकला. घेणाऱ्याने रिले बदलला आणि तो सेट पुढे वर्षानुवर्षं वाजवला. मी त्याच्याकडे जाऊन ऐकूनही आलो. त्या संध्याकाळी घरी परतताना जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये एवढीच इच्छा आहे.

एक फरक तेवढा तपासा. डावा स्पीकर पूर्ण गप्प न होता नुसता हलका होत असेल, आणि बटण अगदी सुरुवातीला असतानाच तसं होत असेल, तर दोष रिलेचा नसून व्हॉल्यूम कंट्रोलचा आहे. त्याच्या दोन्ही बाजू पहिल्या काही अंशांत सारख्या चालत नाहीत, आणि हे नव्या सेटमध्येही आढळतं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला हल्लीचा प्लेअर जोडला की ते जास्त जाणवतं, कारण १९८४ च्या सेटचं ऑक्स इनपुट (बाहेरचा प्लेअर जोडायची मागची जागा) साधारण १५० ते २०० मिलीव्होल्टवर पूर्ण ताकद देईल असं बांधलेलं असतं आणि सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट. म्हणजे बटण जरा हललं की घर दणाणतं आणि आपण कायम त्या पहिल्या अवघड टप्प्यात अडकून राहतो. फोनवरून वाजवत असाल तर फोनचा आवाज कमी करून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण वर न्या.

बटण फिरवताना येणारी खरखर म्हणजे मळ आणि दमट हवा. सेट बंद ठेवून, प्लग काढून, ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बॅलन्स, बास, ट्रेबल आणि टेप मॉनिटरचे खटकेही तसेच हलवा. निम्मी खरखर तिथेच जाते. उरलेली मेकॅनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काढेल. बिजागऱ्यांचा गंज काढायचा स्प्रे मात्र चुकूनही मारू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते.

घुंईसाठी आज संध्याकाळीच एक प्रयोग करा. काहीही न लावता सिलेक्टर ऑक्सवर ठेवा आणि व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही घुंई तेवढीच राहिली तर आतले वीज साठवून सपाट करणारे मोठे फिल्टर कपॅसिटर थकलेत असं समजा. आपली वीज ५० हर्ट्झची, पण एसीची डीसी करणाऱ्या दिष्टकारकातून गेल्यावर ती गुणगुण १०० हर्ट्झची होते, म्हणून ती थोडी वरच्या पट्टीत, भुंग्यासारखी लागते. व्हॉल्यूमबरोबर घुंई वाढत असेल तर ती बाहेरून येते आहे. फक्त फोनोवरच, म्हणजे टर्नटेबलच्या इनपुटवरच, असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला नीट आवळलेली आहे का ते बघा. अर्धी घुंई-प्रकरणं या एका स्क्रूवर मिटतात. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला असेल तर त्याची केबल काढूनही एकदा ऐका.

आता डग्ग्याकडे येतो, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुःख तिथे आहे असं मला जाणवलं.

डग्गा हरवला की माणूस अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवतो. मी आधी स्पीकरच्या जाळ्या काढायला सांगेन. ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ मोठ्या स्पीकरमध्ये कागदी कोनच्या कडेला फोमचं कडं असतं. आपल्या हवेत, पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते त्या हवेत, तो फोम आतून सडतो. दिसायला तो जागच्या जागी असतो. बोट लावलं की मात्र ओल्या बिस्किटासारखा खचतो आणि बोटाला काळपट, चिकट भुगा लागतो. कडं फाटलं की कोन ढकलतो ती हवा पुढून मागे निसटते, आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. हे असं असेल तर ४५ हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर आणलात तरी तुमचा डग्गा परत यायचा नाही. उलट जास्त ताकदीने त्या मोडक्या कोनला धक्के बसतील आणि आतली कॉइल घासून जाईल. फोमची नुसती कडी वेगळी मिळतात आणि डिंकाने चिकटवता येतात. कारागिराला स्पष्ट सांगा: 'कोन बदलू नका, फक्त कडं बदला.' सवयीने ते सगळा कोनच नवा घालून देतात, मग आवाज वाजतो मोठा, पण तुमच्या ओळखीचा राहत नाही.

त्याही आधी फुकटातली एक तपासणी: दोन्ही स्पीकरच्या मागे लाल वायर लालला आणि काळी काळ्याला आहे ना? घर रंगवताना, साफसफाईत एखाद्या बाजूची वायर उलटी लागते. मग एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात. मी अशी दोन घरं पाहिली आहेत जिथे कित्येक वर्षं सेट उलट्या वायरीवर वाजत होता.

एवढं सगळं वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की 'जुना ठेवू की नवा घेऊ' हा प्रश्न तुम्ही तपासणीच्या आधी विचारलात. त्यामागे एक गृहीत आहे: सेट चाळीस वर्षांचा, म्हणजे आवाज चाळीस वर्षं मागे. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत हे तितकंसं खरं नाही. त्या काळातला चांगला जपानी अ‍ॅम्प्लिफायर, त्याचे थकलेले सुटे भाग बदलले तर, घरात ऐकण्यापुरतं आजच्या सेटच्या मांडीला मांडी लावून बसतो. स्पीकर, सुई आणि खोली यांतला फरक कानाला चटकन कळतो. दोन धडधाकट अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ओळखायला मात्र बरीच मेहनत पडते.

मुलगा वॅटबद्दल बोलतो, त्याचंही बघू. ४० चे ८० वॅट झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला असं सगळ्यांनाच वाटतं. प्रत्यक्षात ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'हो, थोडा वाढला' एवढंच कळतं. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट हवी. तिन्हीसांजेला तुम्ही अभंग ऐकता तेव्हा तुमचा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळ एखादा वॅटच वापरत असतो, बाकीचे तबल्याच्या थापेसाठी राखीव. वसरीत बसलेल्यांना ऐकू जायला ४० पुष्कळ झाले. आणि दुकानात दोन सेट शेजारी लावून ऐकवले तर आधी दोन्हींचा आवाज अगदी सारखा करायला सांगा. किंचित मोठा वाजणारा सेट कायम 'जास्त छान' वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. माझाही आहे.

मुलाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्याला ब्लूटूथ हवं आहे, ते का? तो सुट्टीला घरी येतो तेव्हा त्याच्या फोनमधलं गाणं बाबांच्या सेटवर लावता येत नाही. त्या सेटशी त्याचं नातं जोडायला जागाच नाही. एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, दोन-तीन हजारांत बरा मिळतो. तो ऑक्स किंवा ट्यूनरच्या इनपुटला जोडा. फोनोला जोडू नका. ते इनपुट सुईच्या जेमतेम ५ मिलीव्होल्टसाठी आहे, तिथे आवाज फाटतो आणि खर्ज भलताच फुगतो. एवढं केलंत की तुमच्या सेटला ब्लूटूथ आलं. पाच-सात वर्षांनी ते तंत्र जुनं झालं तर ती डबी बदलायची, अ‍ॅम्प्लिफायर तसाच राहील. नवा घेणाऱ्यांनाही मी हेच सांगतो: लवकर जुनं होणारं तंत्र आणि सावकाश जुनं होणारं तंत्र शक्यतो एका पेटीत घेऊ नका. अ‍ॅप बंद पडलं म्हणून सुस्थितीतला सेट अडगळीत गेलेला मी पाहिला आहे.

मुलाला खरंच काहीतरी घेऊन द्यायचं असेल, तर त्याच्याकडून टर्नटेबलची नवी सुई मागा. हे मी सगळ्यात कळकळीने लिहितो आहे. सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास. तुम्ही रोज तास-दीड तास वाजवता, म्हणजे दीड-दोन वर्षांत तिची मुदत भरते. शेवटची कधी बदलली, आठवतं का? झिजलेली सुई तबकडीच्या खोबणीच्या भिंती खरवडत जाते आणि ते नुकसान कुठल्याच अ‍ॅम्प्लिफायरने भरून निघत नाही. अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा मिळेल. बाबांनी जमवलेल्या त्या शंभर तबकड्या, त्यातल्या काही तरी, पुन्हा मिळायच्या नाहीत. घरात ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्याही असतील तर त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीच्या सुईने त्या वाजवू नका.

तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेलं. जेमतेम साडेतीन मिनिटांचं, ७८ च्या जमान्यातलं ध्वनिमुद्रण. त्या काळच्या मुद्रणात ना फार खोल खर्ज आहे ना फार वरचे सूर. जे आहे ते मधल्या पट्टीत आहे, गळा आहे. तुम्ही जे संगीत ऐकता त्यातलं बरंचसं असंच आहे, आणि हा गळा नीट ऐकवणं ४० वॅटच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला चांगलं जमतं. ८० वॅट आणले तरी मुद्रणात जे नाही ते कुठून येणार?

तरीही जुना सोडावा असे प्रसंग असतात. झाकण उघडल्यावर मेकॅनिकला काय विचारायचं ते सांगतो. पहिलं, आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर आहेत की एसटीके नावाची एकसंध चिप? सुटे ट्रान्झिस्टर असतील तर बहुतेक वेळा पर्याय निघतो. चिप असेल आणि ती जळली असेल तर अवघड आहे. त्यातल्या बहुतेकांचं उत्पादन बंद झालंय आणि बाजारात नकली फार आहेत. बाहेरून हुबेहूब, आत भलतंच. दुसरं, मुख्य ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे का? तो जळला असेल तर मी स्वतः थांबेन. तिसरं, बोर्डावर गंज किती चढलाय? समुद्राकाठच्या घरांतून येणाऱ्या सेटमध्ये तांब्याच्या रेषाच हिरव्या पडून तुटलेल्या असतात. एक जोडली की दुसरी सुटते. फोंड्याकडे खारं वारं कमी, म्हणून मला आशा आहे. आणि पाल. हसू नका, मी उघडलेल्या सेटांमध्ये वाळलेली पाल किंवा तिची अंडी किती वेळा निघाली याची मोजदाद नाही. उबेला ती आत शिरते आणि दोन टोकांच्या मध्ये सापडली की तिच्याबरोबर काही भागही जातात. तेवढेच बदलले की सेट चालतो.

खर्चाची मर्यादा आधीच ठरवा. रिले, फिल्टर कपॅसिटर, बटणांची सफाई, सुटलेले सोल्डर आणि मजुरी धरून तुमच्या सेटला सात-आठ हजारांच्या आत बसवायला हवं, असा माझा अंदाज आहे. दहा हजारांच्या वर जायला लागलं तर थांबा, परत विचार करा. स्पीकरची कडी आणि सुई यांचा हिशेब वेगळा ठेवा, कारण नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतलात तरी ते दोन्ही खर्च टळत नाहीत. वीजबिलाचा मुद्दा कुणी काढला तर त्याचंही उत्तर देऊन ठेवतो: सरासरी ४० वॅट वीज खाणारा सेट (हा आकडा आवाजाच्या ४० वॅटपेक्षा वेगळा) रोज चार तास चालला तरी महिन्याला पाचेक युनिट होतात.

मेकॅनिक निवडताना दुकानाची पाटी बघू नका. 'स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी किती येतो, मोजून सांगाल का?' एवढा एकच प्रश्न विचारा. (डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, ती स्पीकरपर्यंत पोचता कामा नये.) जाणता माणूस लगेच मल्टिमीटर काढेल. आकडा ५० मिलीव्होल्टच्या आत हवा. शंभरच्या वर गेला तर स्पीकर जोडायच्या आधी दोष शोधायला हवा. असा माणूस बराच काळ बंद असलेला सेट थेट मेनवर लावत नाही, आधी तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करतो. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत देतो. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा इथे असे मोजकेच उरलेत, बहुतेक वयस्क. चवथीच्या तोंडावर ते मंडळांच्या साउंडच्या कामात बुडालेले असतात. म्हणून घाई करू नका असं मी तुमच्या पत्नींनाही सुचवीन. चवथीला सेट दुरुस्तीत असला तर असू दे, आरत्या आणि घुमटं आहेतच. मोडका सेट घाईघाईने उघडणं आणि सणाच्या सवलतीत घाईघाईने नवा घेणं, दोन्ही महागात पडतं.

आणि बाबा. त्यांची वस्तू काढली तर अपराधी वाटेल, असं तुम्ही लिहिलंत. पण त्याच पत्रात तुम्ही हेही लिहिलंत की अ‍ॅम्प्लिफायर आला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या वडिलांचा रेडिओ शेजाऱ्यांना दिला. ते आठवून बघा. त्यांना वस्तूंची कदर नव्हती असं मला त्यातून दिसत नाही. गाणं घरात अधिक चांगलं ऐकू यावं म्हणून परक्या देशात मिळवलेले पैसे त्यांनी खर्च केले, आणि जुना रेडिओ भंगारात न टाकता जिथे वाजेल अशा घरी दिला. तुमच्या जागी ते असते तर त्यांनी काय केलं असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. झाकण उघडून ट्रान्सफॉर्मर जळालेलाच निघाला आणि नवा घ्यावा लागला, तरी त्यात बाबांचा काही अपमान नाही. उलट तो नुसताच कपाटावर, वर भरतकामाचा रुमाल घालून, न वाजता ठेवलात तर मला वाईट वाटेल.

माझं मत विचाराल तर ठेवा आणि दुरुस्त करा. रिलेचं लक्षण इतकं स्पष्ट नसतं तर मी इतक्या खात्रीने सांगितलं नसतं. पण हे मत तुमच्यासाठी आहे, सगळ्यांसाठी नाही. हाताच्या सांध्यांमुळे बटणं फिरवता येत नसतील, रिमोट हवाच असेल, टीव्हीचा आवाज त्याच सेटमधून काढायचा असेल, किंवा अ‍ॅम्प्लिफायर वर्षानुवर्षं गोणपाटात गुंडाळून पडलेला असेल, तर नवा घेण्यात शहाणपण आहे. तेव्हा खोक्यावरचा आकडा आरएमएस वॅटचा (सतत देता येणाऱ्या ताकदीचा) आहे की पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) ते बघा, दुसरा आकडा निव्वळ फुगवलेला असतो. टर्नटेबल असेल तर फोनो इनपुट आहे का, याची खात्री करा. पुष्कळ नव्या सेटमध्ये ते नसतं आणि घरी आणल्यावर कळतं. तुमच्या स्पीकरवर किती ओहम छापलंय ते टिपून न्या.

दुरुस्त होऊन आला की त्याला मोकळ्या जागी ठेवा, काचेच्या कपाटात नको. आतला कपॅसिटर दहा अंशांनी थंड राहिला तर साधारण दुप्पट टिकतो, म्हणून वर-मागे हवा खेळू दे आणि तो भरतकामाचा रुमाल सेट चालू असताना तरी काढा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर वाजवलात की आतली ओल उबेने निघून जाते. तुम्ही रोज वाजवता, ते त्याच्यासाठी औषधच आहे. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात ढग गडगडायला लागले की नुसता खटका बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा. सेटच्या मागे ११०, २२०, २४० असा व्होल्टेज निवडायचा खटका असेल तर प्लग काढून तो २४० वर आहे ना ते बघा. रात्री उशिरा वीज चढते, मल्टिमीटरवर कधी तरी स्वतः मोजा. फ्यूज उडाला तर त्याच क्षमतेचाच घाला, वायरचा तुकडा अजिबात नको. आणि प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, तेव्हा झाकण तुम्ही स्वतः उघडू नका.

मेकॅनिककडे नेण्याआधी मागच्या सगळ्या वायरींचा फोनवर फोटो काढा. पेटी उचलताना ट्रान्सफॉर्मरची बाजू अंगाशी धरा, सगळं वजन तिकडेच असतं. स्कूटरच्या पुढ्यात उभी अडकवू नका. गाडीच्या सीटवर, गोधडीवर, आडवी ठेवून न्या.